खायला नालायक सफरचंद

उत्तम सायडर ज्या सफरचंदाचं होतं, ते खाता येत नाही. इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं डॅबिनेट किंवा किंग्स्टन ब्लॅक दिसायला गोजिरवाणं, पण दात लावला की कच्ची सुपारी चघळल्यासारखं तोंड आवळतं. तिथल्या स्क्रम्पीचा, म्हणजे शेतावरच्या गावठी सायडरचा, सगळा जीव या तुरटपणात.

शरदात गळलेली फळं आधी ढिगात मऊ पडू देतात, मग चेचतात. लगदा जाड कापडात घडी घालून थरावर थर रचतात. पूर्वी कापडाऐवजी गव्हाचं काड असे. या चळतीला तिथले लोक ‘चीज’ म्हणतात, दुधाचा काडीचा संबंध नसताना! वरून स्क्रू आवळला की चारी बाजूंनी तपकिरी रस पाझरतो. तो लाकडी पिंपात भरायचा आणि गप्प बसायचं. फळांच्या सालीवर आणि चरकाच्या लाकडात मुरलेलं रानटी यीस्टच पुढचं काम करतं. हिवाळाभर आंबून जे निघतं ते गढूळ, बिनफेसाचं आणि चांगलं सहा-सात टक्के अल्कोहोलचं.

पबमधली चकचकीत बाटलीही सायडर याच नावाने विकली जाते. ब्रिटनच्या करनियमांना त्यात ३५ टक्के सफरचंदाचा रस पुरतो, तोही आटवलेला चालतो. बाकी पाणी, साखर, गॅस. मला ते शीतपेयाचंच थोरलं भावंड वाटतं. अमेरिकेत नुसतं सायडर मागितलं तर बहुधा न आंबवलेला गढूळ रस समोर येतो. नॉर्मंडीत सायडरचं ऊर्ध्वपातन करून ते ओकच्या पिंपात किमान दोन वर्षं मुरवतात; ते काल्वाडोस. आणि वजन उतरवायला आपल्याकडे पहाटे कोमट पाण्यातून घेतात ते व्हिनेगर म्हणजे जिवाणूंनी अल्कोहोल फस्त केलेलं सायडरच.

म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं मात्र नाही. अठराव्या शतकात डेव्हनमध्ये सायडर पिणाऱ्यांना पोटशूळ उठे, हातपाय लुळे पडत. चरकांना शिशाचा पत्रा आणि सांधे असत, आंबट रसात शिसं उतरे. डॉ. जॉर्ज बेकर यांनी १७६७ मध्ये हे दाखवून दिलं, तेव्हा डेव्हनकर त्यांच्यावरच उखडले. शेतमजुरांना मजुरीचा काही भाग सायडरमध्ये देण्याची चाल तर १८८७ च्या कायद्याने बेकायदा ठरली.

शिसं गेलं, तुरटपणा राहिला. आजही काही शेतांवर कॅन नेला की पिंपाची तोटी सोडून भरून देतात. पहिला घोट बहुतेकांना आवडत नाही. बर्फ घालून तो सुधारायला जाऊ नये.