गिधाडे संपली, आता मेलेली ढोरे कोणी ओढायची?

'पर्यावरण' हा शब्द उच्चारला की आपल्यातील अनेक कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. वाघ वाचवा, पक्षी मोजा, झाडे लावा, ही सगळी पोट भरलेल्यांची कामे. ज्याच्या घरात पिण्याचे पाणी नाही त्याने पक्ष्यांची चिंता कशाला करायची, असा एकंदर सूर असतो. अभयारण्याच्या नावाखाली ज्यांची घरेदारे उठली त्यांच्या तोंडी हा सूर आला तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. पण आज आम्ही ज्या पक्ष्याविषयी लिहीत आहोत त्याचे नाते थेट गावकुसाबाहेरच्या माणसाशी आहे. हा पक्षी म्हणजे गिधाड. मराठीत त्याचे नाव फक्त शिवी देताना घेतात, यावरूनच त्याची सामाजिक पायरी ओळखावी.

१९८० च्या दशकापर्यंत भारतात गिधाडांची संख्या कोट्यवधींच्या घरात होती. गावाबाहेरच्या माळावर ढोर पडले की आभाळात घिरट्या सुरू होत आणि तासाभरात हाडांचा सांगाडा तेवढा उरे. १९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश या पक्षीशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की घरटी ओस पडत आहेत आणि झाडाखाली मेलेले पक्षी सापडत आहेत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारातले एक उरले. लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची गिधाडे सुमारे ९७ टक्क्यांनी कमी झाली. एवढ्या वेगाने कोणत्याही पक्ष्याचा ऱ्हास झाल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत.

कारण काय? कोणी म्हणाले रोग आला, कोणी म्हणाले झाडे तुटली, कोणी म्हणाले खाद्य संपले. खरे कारण २००४ साली पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून बाहेर आले. ते होते डायक्लोफेनॅक. माणसाच्या गुडघेदुखीवर दिले जाणारे हे औषध १९९० च्या दशकात स्वस्त झाले आणि गुरांनाही सर्रास टोचले जाऊ लागले. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेले तर त्याच्या मांसात ते शिल्लक राहते. असे मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, रक्तात युरिक आम्ल साचते, आतील अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर बसतो आणि पक्षी काही दिवसांतच मरतो. दर शंभर मृत जनावरांपैकी एकापेक्षाही कमी जनावरांत हे विष पुरेशा प्रमाणात असले तरी एवढा संहार होऊ शकतो, असे शास्त्रज्ञांनी हिशेब करून दाखवले. कारण एका ढोरावर पन्नास-शंभर गिधाडे एकदम उतरतात. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाच वर्षे लागतात. गेलेला पक्षी भरून निघायचा कसा?

प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कारखान्याचे धुराडे आणि नाल्यातले काळे पाणी येते. इथे धूर नाही, वास नाही. स्वस्त बाटलीतले पाणी आहे. बैल लंगडला म्हणून ते टोचून घेणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही गुन्हेगार मानत नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. हे औषध गुरांसाठी विकायला परवानगी देताना मेलेल्या गुराचे पुढे काय होते, ते कोण खाते, हा प्रश्न कोणत्याही कचेरीत विचारला गेला नाही. तो सुचला नाही याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही. ढोर मेले की ते गावाच्या नजरेतून जाते. त्याचे पुढे काय होते हे पाहण्याचे काम या देशात हजारो वर्षे ठरावीक माणसांवर लादले गेले आहे.

ती माणसे कोण, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. महारकीच्या वतनात मेलेली ढोरे ओढणे हे बिनमोलाचे काम होते. बदल्यात हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि सडके मांस. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले आणि गावोगावच्या आपल्या बापजाद्यांनी ढोरे ओढणे बंद केले. त्यासाठी त्यांनी बहिष्कार सोसले, मार खाल्ला, पण कामाला हात लावला नाही. गावाने मग पर्यायी व्यवस्था उभी केली का? यंत्र आणले, खड्डे खणले, पगारी नोकर ठेवले? बहुतेक ठिकाणी तसे काही झाले नाही. काम दुसऱ्या एखाद्या तितक्याच दुबळ्या जातीच्या गळ्यात घातले आणि उरलेले गिधाडांवर सोडले. गिधाडाला वतनही द्यावे लागत नव्हते.

मग हा फुकटचा सफाई कामगार मेला. माळावरची ढोरे सडू लागली. तिथे भटकी कुत्री जमली आणि वाढली. गिधाडे गेल्यामुळे देशात सुमारे ५५ लाख कुत्री वाढली आणि १९९२ ते २००६ या काळात रेबीजने सुमारे ४८ हजार जादा माणसे मेली, असा अंदाज २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. २०२४ मध्ये आयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याहून मोठा हिशेब मांडला. पूर्वी जिथे गिधाडे भरपूर होती आणि जिथे नव्हती अशा जिल्ह्यांतील मृत्युदरांची तुलना करून त्यांनी असा निष्कर्ष काढला की २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा माणसे मेली. पाण्यातले घाण जंतू आणि कुत्र्यांचा चावा ही त्यामागची मार्गे. परिणाम अधिक दिसला तो गुरांची संख्या मोठी असलेल्या शहरी भागांत.

हा हिशेब जिल्हावार आहे, जातवार नाही. पण डोके वापरायला कोणाची बंदी आहे? ढोरे टाकण्याची जागा गावाच्या कोणत्या दिशेला असते? शहराच्या कचराडेपोला लागून कोणाच्या झोपड्या असतात? चावलेल्या मुलाला घेऊन लसीसाठी सरकारी दवाखान्याच्या चकरा कोण मारतो? मुंबईत मलबार हिलवरच्या पारशी दख्म्यांत गिधाडे येईनाशी झाली तेव्हा त्याची चर्चा झाली आणि सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवण्यात आली. त्या समाजाची अडचण खरी होती आणि तिची दखल घेतली गेली हे चांगलेच झाले. वस्तीशेजारच्या माळासाठी मात्र कोणते उपकरण आले?

आले ते दुसरेच. १५ ऑक्टोबर २००२ रोजी हरियाणातील झज्जरजवळ दुलीना येथे गायीच्या कातड्यावरून पाच दलितांना जमावाने पोलीस चौकीसमोर ठार मारले. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना ऊना येथे गाडीला बांधून लोखंडी गजांनी मारले. म्हणजे ढोर उचलले तर मार आणि पूर्वी उचलले नाही म्हणूनही मारच. ऊनानंतर तेथील दलितांनी मेलेली जनावरे सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीपुढे आणून टाकली आणि पुढे उचलणेच बंद केले. आभाळात गिधाड नाही, खाली हात लावायला माणूस नाही, तेव्हा हे काम किती मोठे आहे ते साहेब लोकांच्या नाकाला कळले.

सरकारने गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी घातली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारे पर्यायी औषध सिद्ध झाले होते. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. २०१५ मध्ये बाटली ३ मिलिलिटरची करण्याचा हुकूम निघाला तर औषध कंपन्या न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हुकूम कायम ठेवला. अ‍ॅसेक्लोफेनॅक हे औषध गुरांच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफेनॅकच होते, तरी त्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ उजाडले. एक विष बंद झाले की त्याचा भाऊ दुकानात येतो. नवे औषध आधी गिधाडांसाठी तपासा आणि मगच गोठ्यात जाऊ द्या, ही मागणी पक्षीमित्रांची आहे. ती आमचीही असली पाहिजे.

आता हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची पैदास केली जाते. तिथली काही गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंच येथे आणली गेली. गडचिरोलीत आणि रायगडच्या फणसाडमध्ये वनखात्याने गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवण्याच्या जागा केल्या. गिधाड परत यावे असे आम्हाला मनापासून वाटते. पण ही ढोरे तिथवर कोण ओढून नेतो? त्याची नेमणूक कायम आहे की ठेकेदाराची? हातमोजे, गाडी, रेबीजची लस, विमा त्याला मिळतो का? त्याची जात कोणती, आणि ती एकच का? आपल्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज टाकून हे प्रश्न वनखात्याला विचारावेत. आणि मेलेल्या जनावरांची विल्हेवाट कुठे, कोणत्या वाहनाने, कोणत्या पगारी माणसाकडून होते, हे पुढच्या ग्रामसभेत ग्रामपंचायतीकडून लेखी घ्यावे.