ताप, ताई आणि थर्मामीटर

रात्रीचे सव्वाअकरा. लॅपटॉपवर अर्धवट लेख, मांडीवर साडेतीन वर्षांची भाची आणि कानाला फोन. पलीकडे बंगळुरूहून ताई.

"किती आहे?"
"एकशे दोन पॉइंट चार."
"औषध?"
"नऊला दिलं."
"मग उतरला का नाही?"

आता याचं उत्तर मी काय देणार? मास कॉमला हे शिकवत नाहीत.

जिजू ऑनसाइट, जर्मनीत. ताईची दोन दिवसांची मीटिंग. आणि मी फ्रीलान्सर, म्हणजे घरच्यांच्या डिक्शनरीत 'फ्री'. त्यामुळे चिऊ माझ्याकडे, सोबतीला आई. आई मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या घेऊन तयार. ताईचं फर्मान, एकचा गजर लाव आणि झोपली असली तरी उठवून डोस दे. आणि चिऊ? संध्याकाळी एकशे दोन तापात ती डायनिंग टेबलाखाली दुकान मांडून मला भेंडी विकत होती. सुट्टे पैसे नाहीत म्हणून भांडलीसुद्धा.

ताईला हसू नका हं. गेल्या वर्षी चिऊला तापात झटका आला होता. डोळे फिरलेले, अंग ताठ, जेमतेम दोन मिनिटं. ताईसाठी ती दोन मिनिटं अजून संपलेली नाहीत. तेव्हापासून तिच्या पर्समध्ये एकवेळ लिपस्टिक नसेल, थर्मामीटर असतोच.

संध्याकाळी मी आमच्या डॉक्टरांना सरळच विचारलं होतं, उतरवायचा की राहू द्यायचा? ते म्हणाले, "आकडा बघून औषध देऊ नकोस. पोरगी कशी आहे ते बघून दे."

मग त्यांनी समजावलं ते असं. ताप हा आजार नाही. जंतू शिरले की मेंदूतला थर्मोस्टॅट शरीर स्वतःच वर सरकवतं. जास्त उष्णतेत बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते, आपल्या पेशी जोमात येतात. १९७५ मध्ये अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांवर प्रयोग केला होता. इग्वाना म्हणजे आपल्या सरड्याचा थोरला चुलतभाऊ, ऊब बाहेरून घेणारा. जंतुसंसर्ग दिलेल्यांपैकी ज्यांना जास्त उबेत ठेवलं, ते जास्त जगले.

पण चिऊ सरडा नाही. अंग दुखत असेल, किरकिर असेल, पाणी पीत नसेल तर पॅरासिटामॉल जरूर द्यावं. तिला बरं वाटावं म्हणून. त्याने आजार लांबतो असं सिद्ध झालेलं नाही. आणि ताईला पचायला सगळ्यात जड गेलेली गोष्ट, त्याने झटका टळतो असंही नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात असा झटका येतो आणि बहुतेकांना त्याचा पुढे काही त्रास राहत नाही. आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. कांदा-चप्पल हुंगवणं तर नकोच. पाच मिनिटांवर गेला तर थेट हॉस्पिटल. पहिलाच झटका असेल तर थांबला तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

आईच्या पट्ट्यांचंही तेच. थर्मोस्टॅट वर असताना गार पाणी लावलं की मूल आणखी कुडकुडतं. (हे आईला सांगण्याची हिंमत मी अजून गोळा करतेय.)

बाटलीकडे मात्र डोळे फाडून बघा. सिरप एकाच नावाचं, पण एकात ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलीग्रॅम, दुसऱ्यात २५०. थेंबांच्या बाटलीत तर १ मिलीतच १००. डोस वजनावर ठरतो, किलोला १० ते १५ मिलीग्रॅम, आणि दोन डोसांत किमान चार तास. चमचा स्वयंपाकघरातला नको.

आणि काही वेळा थांबायचंच नसतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप, मान ताठ, धाप, गळून पडणं, लघवी न होणं... तडक डॉक्टर. पावसाळ्यात आणखी एक. डेंग्यूत धोक्याचे दिवस ताप उतरताना सुरू होतात. ताप गेला म्हणून आपण निर्धास्त आणि मुलाचं पोट दुखतंय, उलट्या होताहेत, तर थर्मामीटरचं काही ऐकू नका.

एक वाजता गजर झाला. चिऊ गाढ झोपलेली, श्वास शांत, तोंड उघडं. मी हात लावला, अंग गरमच होतं. खरं सांगते, माझाही धीर सुटत होता. तेवढ्यात ताईचा मेसेज. "दिलंस?"

"झोपलीये. नाही उठवलं."

दोन निळ्या टिक. उत्तर नाही.

तीनला चिऊ स्वतःच उठली. "मावशी, डोकं दुखतं." तेव्हा औषध दिलं, अर्धा ग्लास पाणी पाजलं. तिला गोष्ट हवी होती, ती सांगता सांगता आधी मीच झोपले म्हणे.

ताई पहिल्या फ्लाइटने आली. बॅग दारातच टाकून बेडरूममध्ये. मी थर्मामीटर पुढे केला, तिने तो घेतला, हातातच धरून ठेवला. चिऊकडे बराच वेळ बघत राहिली.

मग म्हणाली, "शू किती वेळा झाली रात्री?"