ठिगळाचा मान कोणाला?

दर काही महिन्यांनी इतिहासाच्या पानांवर एक ब्रिटिश भित्तिपत्रक फिरू लागते. दुसऱ्या महायुद्धाचा काळ, सुई-दोरा घेतलेली एक हसरी बाहुली आणि 'आहे त्यातच भागवा, फाटले तर शिवा' अशा अर्थाची हाक. खाली कोणीतरी ठामपणे लिहिते की जुन्या कपड्यांतून नवे कपडे शिवण्याची विद्या जगाला इथून मिळाली. त्याखाली लगेच दुसरा पक्ष उभा राहतो: आमच्या आज्या-पणज्या हजारो वर्षे हेच करत होत्या, आमचे पूर्वज पर्यावरणाचे खरे जाणकार होते. दोन्ही बाजूंना भरपूर दाद मिळते. मित्रहो, माझे भांडण दोन्ही बाजूंशी आहे.

आधी लंडन. १ जून १९४१ रोजी ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन लागू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळाली. पुरुषाने कोट, जाकीट आणि विजार असा पूर्ण सूट घेतला की त्यांतली २६ संपत. बाईच्या लोकरी झग्याला ११ लागत. पुढच्या वर्षी सरकारने विजारीच्या पायाशी असणारी उलटी दुमडसुद्धा बंद केली, कारण तेवढे कापड वाचत होते. १९४३ मध्ये व्यापार मंडळाच्या वतीने ती प्रसिद्ध पुस्तिका निघाली आणि गावोगावी शिवणाचे वर्ग भरू लागले. तिथे शिकवत काय? झिजलेली कॉलर उसवून उलटी बसवणे. नवऱ्याच्या विजारीतून बायकोचा स्कर्ट काढणे. जुना स्वेटर उसवून, लोकर धुऊन, पुन्हा विणणे. मध्ये विरलेली चादर उभी फाडून तिच्या धडक्या कडा मधोमध जोडणे. हे सगळे खरे कौशल्य होते आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही.

पण ते पहिल्यांदा तेव्हा जन्मले, हे साफ खोटे. लंडनच्या पूर्व भागातल्या गोदी कामगाराच्या बायकोला चादरीच्या कडा मध्ये आणायला कोणत्याही पुस्तिकेची गरज नव्हती. पुस्तिका लिहिली गेली ती जिच्या कपाटात उसवायला कपडे होते तिच्यासाठी. कुपने सर्वांना सारखी होती, कपाटे सारखी नव्हती. सरकारचा हेतूही जगाला कला शिकवण्याचा नव्हता. गिरण्यांतले मजूर, कारखान्यांतली जागा आणि जहाजांतली जागा युद्धाकडे वळवायची होती. १९४३ मध्ये नवे काय घडले? गरिबाघरी जे मुकाट्याने केले जात होते, ते मध्यमवर्गाने केल्यावर त्याला देशभक्ती हे नाव मिळाले.

आता त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला या. जपान युद्धात उतरल्यावर तिकडून येणारे स्वस्त कापड बंद झाले. मुंबईसह देशभरच्या गिरण्यांच्या उत्पादनाचा मोठा वाटा सैन्याच्या गणवेशांकडे आणि तंबूंकडे वळला. किमती युद्धापूर्वीच्या कित्येक पट झाल्या आणि काळा बाजार माजला. १९४३ मध्ये सरकारला सुती कापड आणि सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. बंगालात अन्नाच्या दुष्काळापाठोपाठ वस्त्राचाही दुष्काळ आला. अंगावर घालायला काही नाही म्हणून बायकांना घराबाहेर पडता येत नव्हते. त्या भित्तिपत्रकावरची बाहुली इतक्या प्रसन्नपणे हसते आहे, त्याच वर्षी हे घडत होते. इतिहासाच्या पानांवर ते चित्र टाकताना निदान एवढी ओळ खाली यावी, ही अपेक्षा फार नाही.

एवढे वाचून दुसरा पक्ष खूश झाला असेल. त्यांच्याकडेच येतो.

आपल्याकडे ही विद्या होती, यात वाद नाही. मराठीत तिचे शब्दभांडारच आहे: जुनेर, धडुते, चिंधी, ठिगळ, वाकळ, गोधडी. यांत मला सर्वांत विलक्षण वाटणारा शब्द म्हणजे 'दंड'. नऊवारी लुगडे बसण्याउठण्याने मध्यभागी आधी विरते. पदर आणि टोके मात्र शाबूत राहतात. मग विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन धडके तुकडे एकमेकांना जोडायचे. त्या जोडाला दंड म्हणतात. इंग्रज बाई चादरीला जे करत होती, त्याच्या जवळचीच ही युक्ती. कोणी कोणाकडून शिकले नाही. कापड सगळीकडे तसेच झिजते. दंड घातलेले लुगडेही संपले की त्याचे मऊ झालेले सूत बाळाच्या झबल्याला, कुंचीला, दुपट्याला जाई, कारण असंख्य धुण्यांनी त्याची खळ आणि ताठरपणा गेलेला असे. उरलेले गोधडीच्या थरांत. त्यातूनही काही बचावलेच, तर बोहारीण ते घेऊन एखादे भांडे देई.

म्हणून पूर्वज पर्यावरणवादी ठरतात का? नाही. कापड महाग होते. हातावर सूत काढणे, विणणे यांत इतके श्रम जात की चिंधीलाही किंमत होती. टंचाईला शहाणपणाचा मुलामा देऊन मिरवणे हा इतिहास नव्हे. शिवाय या 'आम्ही'मध्ये नेमके कोण आहे?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे; चांडाळासाठी तर मृतांच्या अंगावरची वस्त्रे नेमून दिली आहेत. हे केवळ पोथीत राहिले नाही. महाराष्ट्रात महारांच्या परंपरागत हक्कांत मढ्यावरचे कापड होते आणि त्याला 'हक्क' म्हणण्याची क्रूर थट्टा पिढ्यान् पिढ्या चालली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची ओळख सांगणारे दागिने टाका, स्वच्छ राहा, असे आवर्जून सांगितले. वस्त्र ही तिथे चळवळीची बाब होती. दुसऱ्याचे उतरलेले कापड अंगावर न घेणे हाच ज्यांच्या इतिहासातला अभिमानाचा क्षण आहे, त्यांना तुम्ही 'आपली सुंदर पुनर्वापराची परंपरा' कोणत्या तोंडाने सांगणार?

आपल्या घरातले जुनेर आपल्याच हातांनी उसवून शिवणे आणि दुसऱ्याने फेकलेले जुनेर निमूट स्वीकारणे या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कापड तेच, टाकाही कदाचित तोच.

चिंधी स्वेच्छेने उचलल्याचेही एक प्राचीन उदाहरण आपल्याकडे आहे, आणि तेच या वादात कोणी आठवत नाही. बौद्ध भिक्षूंचे पांसुकूल चीवर म्हणजे उकिरड्यावरून, स्मशानातून वेचलेल्या चिंध्यांचे वस्त्र. विनयपिटकाच्या महावग्गात कथा आहे: मगधातली बांधांनी आखलेली शेते दाखवून बुद्धांनी आनंदाला विचारले, अशी चीवरे करता येतील का? आनंदाने तुकडे कापून, तसे पट्टे जोडून दाखवले आणि बुद्धांनी त्याची वाखाणणी केली. कापून जोडलेले वस्त्र श्रमणाला शोभते आणि कोणाला त्याचा लोभ सुटत नाही, हे कारणही तिथेच दिले आहे. चुल्लवग्गात तर सुया ठेवायची नळी, कापड ताणून धरायची चौकट, बोटाला सुई टोचू नये म्हणून अंगुस्तान अशी शिवणकामाची पुरती सामग्री येते. शिवण हे बायकांचे काम असे ज्यांना वाटते, त्यांनी हा भाग अवश्य वाचावा. इथे पुरुष एकत्र बसून शिवण शिकत आहेत आणि धर्मग्रंथ त्याची बारकाईने नोंद ठेवतो आहे.

तिथेही कथा सरळ राहत नाही. वैद्य जीवकाच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेली वस्त्रे स्वीकारायला परवानगी मिळाली. पुढे आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख सापडतो: गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव, दरमहा शेकडा एक व्याज, आणि त्यातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी. हिशेब करून पाहा, वर्षाचे व्याज २४० येते. नेमके वीस गुणिले बारा. उकिरड्यावरची चिंधी एव्हाना व्याजी ठेवीपर्यंत पोहोचली होती.

हे सारे केवळ ग्रंथांतून कळते, असे मी अलीकडेपर्यंत समजत होतो. मग एका जुन्या सुती साडीचे झबले शिवायला बसलो. पहिलीच शिवण फाटली. दोरा नवा आणि दणकट, कापड विरलेले. ताण पडताच दोरा टिकला आणि कापडाने टाक्याच्या रेषेत दगा दिला. शेजारच्या एका काकूंनी हसून सांगितले, आधी कापड उजेडासमोर धर, जिथे पलीकडचे दिसते तिथे कातर लावू नकोस, दोरा बारीक घे आणि टाका सैल ठेव. चार वाक्ये. त्यांनी ती कुठे वाचली नव्हती, आणि मला एवढ्या वाचनात कुठे सापडली नव्हती.

आपल्या इतिहासलेखनात जाळलेल्या कापडाला भरपूर जागा आहे. १९०५ ची पुण्यातली विदेशी कापडाची होळी, १९२१ ची परळची होळी, दोन्हींच्या तारखा तुम्हाला तोंडपाठ असतील, आणि असाव्यातही. शिवलेल्या कापडाची एक तारीख सांगा. ती नाही, कारण शिवणाऱ्या हातांना कोणी विचारले नाही, आणि सुती चिंधी ताम्रपटासारखी टिकत नाही. ही माहिती असलेली शेवटची पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. किल्ल्यांवरच्या पायऱ्या मोजायला आपण ज्या उत्साहाने जातो, त्याच्या निम्म्या उत्साहाने घरात एखादे जुने लुगडे घेऊन बसावे: दंड कुठे घालायचा, कोणत्या टाक्याने, काठ जुळवायचे की सोडायचे, शिकवले कोणी आणि कोणत्या वयात, आणि दुसऱ्याचे कपडे कधी अंगावर घ्यावे लागले का. शेवटचा प्रश्न जपून विचारावा.

माझ्या आजीच्या हिरव्या लुगड्याला दंड होता, एवढे आठवते. तो धावदोऱ्याचा होता की दुहेरी शिवणीचा, हे आता सांगता येणार नाही. लुगडे बोहारणीला गेले. त्याच्या बदल्यात आलेले स्टीलचे पातेले अजून घरात आहे.