फाटक्या आवाजाचे निदान

गणेशोत्सवाची मिरवणूक असो की कोळीवाड्यातील हळद, रायगडच्या किनारपट्टीवर बेंजो वाजल्यावाचून समारंभाला रंग चढत नाही. या वाद्याचा पाश्चात्त्य बॅन्जोशी संबंध केवळ नावापुरता आहे. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ साली तयार केलेल्या ताइशोगोतो या तंतुवाद्याचे ते भारतीय रूप असून अन्यत्र ते बुलबुल तरंग म्हणून ओळखले जाते. त्याचा मूळ आवाज एका खोलीपुरता. तारांखाली पिकअप बसवून तो ॲम्प्लिफायरला जोडला गेला तेव्हा ते वाद्य रस्त्यावर आले. विजेच्या गिटारप्रमाणेच या वाद्याचाही अर्धा आवाज तारांत आणि अर्धा ॲम्प्लिफायरमध्ये असतो. तो बिघडला की वादकाचे कसब फुकट जाते. त्यातून यंत्र जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे असले तर ‘टाकून द्या, नवे घ्या’ हा सल्ला मिळायला वेळ लागत नाही. तो सोयीचा आहे यात शंका नाही. शहाणपणाचा आहे काय, हा प्रश्न मात्र विचारला पाहिजे.

आवाज फाटणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. ॲम्प्लिफायरच्या शक्तीबाहेर आवाज वाढवला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले सूर त्यात मिसळतात. हे सदैव अनिष्टच असते असेही नाही. ‘द किंक्स’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ साली आपल्या स्पीकरचा कागदी पडदा मुद्दाम चिरला आणि त्या फाटक्या आवाजातून गिटारची एक नवी शैलीच रूढ होण्यास हातभार लावला. परंतु वादकाने हेतुपूर्वक फाडलेला आवाज आणि यंत्राने वादकाच्या इच्छेविरुद्ध फाडलेला आवाज यांत फरक आहे. पहिल्याचे कारण वादकाला ठाऊक असते. दुसऱ्याचे शोधावे लागते. दुरुस्तीची विद्या म्हणतात ती या शोधाचीच.

जाणता कारागीर पेटी उघडण्यापूर्वी चार प्रश्न विचारतो. आवाज मोठा केल्यावरच फाटतो, की लहान असतानाही? यंत्र सुरू होताच, की तापल्यावर? मग तो दुसरे वाद्य, दुसरी वायर, दुसरा स्पीकर जोडून पाहतो. कारण दोष पुष्कळदा ॲम्प्लिफायरच्या बाहेरच असतो. ओलसर हवेने सैल पडलेला स्पीकरचा पडदा किंवा चुंबकाला घासणारे त्याचे वेटोळे हुबेहूब बिघडलेल्या यंत्रासारखा आवाज काढते. बाहेर सारे ठीक असेल तरच तो आत वळतो. खात्रीचा व्हॉल्व्ह बसवून पाहतो, मग मीटर लावून ठिकठिकाणचा विद्युतदाब मोजतो. स्थिर, खालच्या सुरातील गुणगुण ऐकू आली, तर वीजपुरवठ्याच्या भागातील मोठे कंडेन्सर सुकले असावेत असा त्याचा कयास असतो. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. ती एकदिश केल्यावर जी लहर उरते ती बहुधा शंभर आवर्तनांची असते आणि कंडेन्सर निकामी झाला की तीच स्पीकरवाटे बाहेर पडते.

किनाऱ्यावरील यंत्रांना आणखी एक दुखणे असते, ते खाऱ्या हवेचे. व्हॉल्व्हच्या खोबणीतील धातूच्या पट्ट्यांवर गंज चढतो, सोल्डरचे सांधे कच्चे होतात, आणि मेणात बुडवलेले जुने कागदी कंडेन्सर वर्षानुवर्षे ओल शोषून घेतात. यांतील एका कंडेन्सरचे काम विशेष नाजूक असते. ईसीसी ८३ सारख्या छोट्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर शंभराहून अधिक व्होल्टचा स्थिर दाब असतो. तो अडवून फक्त ध्वनीची लहर पुढील शक्तिशाली व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे सोडणे हे त्याचे काम. ओलीमुळे त्यातून स्थिर दाबाचा थोडासा अंश जरी झिरपला, तरी ग्रिडचा ऋण दाब ढळतो, व्हॉल्व्ह वाजवीपेक्षा अधिक प्रवाह ओढू लागतो, आवाज फाटतो आणि अखेरीस आतली प्लेट लालबुंद होते. अशा वेळी घाईने व्हॉल्व्ह बदलला, तर आवाज काही काळ सुधारतो आणि नवा व्हॉल्व्हही जुन्याच्या वाटेने जातो. आज व्हॉल्व्हचे उत्पादन चीन, रशिया, स्लोव्हाकिया अशा मोजक्या देशांत होते. खरा अपराधी शोधला तर तो बहुधा अल्प किमतीचा कंडेन्सर निघतो. न शोधता महागडे व्हॉल्व्ह मात्र एकामागून एक जळत राहतात.

कारण शोधून मग उपाय करण्याची ही रीत या किनाऱ्याला नवी नाही. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम धावणार हे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदींत व्यत्यय येईल हे शास्त्रज्ञांनी आधीच ओळखले आणि १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्या इमारतींत चुंबकाला बाधणारे साहित्य टाळले गेले. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकाच वेळी घेऊन जुळवून पाहिल्या गेल्या. ट्राम धावली ती १९०७ मध्ये. व्यत्ययाचे मूळ शोधावे, एकाशेजारी दुसरे ठेवून तुलना करावी आणि मगच निर्णय घ्यावा, हा अलिबागच्या वेधशाळेचा धडा दुरुस्तीच्या टेबलालाही तंतोतंत लागू पडतो.

ही विद्या लोप पावण्याचे कारण केवळ कारागिरांचे वय हे नव्हे. जुन्या रेडिओ-ॲम्प्लिफायरच्या पेटीत पुष्कळदा जोडणीचा नकाशा चिकटवलेला असे. उत्पादकच जणू दुरुस्त करणाऱ्याला आमंत्रण देई. आजच्या अनेक उपकरणांची पेटी गोंदाने बंद असते, नकाशा गोपनीय असतो आणि एक भाग बिघडला तर सबंध पट्टी बदलावी लागते. यामुळे कारागिराला नव्या यंत्रावर शिकता येत नाही, आणि जुनी यंत्रे भंगारात गेली की शिकायला काहीच उरत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले तेव्हा कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली आणि घरोघरची उपकरणे भिजली. अशा प्रसंगी गावात एक जाणता दुरुस्तीकार असणे ही चैन नसून निकड असते.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. ही सुरुवात स्वागतार्ह होय. पण नकाशा आणि सुटे भाग उत्पादकाने उपलब्ध करून दिलेच पाहिजेत, असे बंधन असल्याखेरीज हक्क कागदावरच राहील. दुसरे काम शिक्षणसंस्थांचे आहे. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रशाळा यांनी अनुभवी कारागिरांना बोलावून बिघाडशोध हा विषय प्रत्यक्ष यंत्रावर शिकवावा. शाळेच्या प्रयोगशाळेत मोडका ॲम्प्लिफायर हे उत्तम साधन ठरेल. मात्र ते जाणत्याच्या देखरेखीखालीच. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तीनचारशे व्होल्टचा प्राणघातक भार साठून राहू शकतो. योग्य रोध लावून तो उतरवल्यावाचून आणि मीटरने खात्री केल्यावाचून आत हात घालता कामा नये.

प्रत्येक जुने यंत्र जपावे असा याचा अर्थ नाही. ट्रान्सफॉर्मर जळला असेल आणि तो पुन्हा गुंडाळण्याचा खर्च झेपणारा नसेल, तर यंत्राला निरोप द्यावा. पण तो निर्णय निदानानंतरचा असावा, निदानाऐवजी नसावा. ‘का बिघडले?’ हे न विचारता ‘नवे आणा’ म्हणण्याची सवय एकदा जडली की ती ॲम्प्लिफायरपाशी थांबत नाही. गळणारा बंधारा, खचणारा रस्ता, रखडणारी कचेरी यांच्याकडेही मग त्याच दृष्टीने पाहिले जाते. मूळ कारण तसेच राहते आणि नवे काम थोड्याच काळात जुन्यासारखे बिघडते.