लोकर पिंजता पिंजता आलेला ‘टीझ’

‘टीझ’ हा इंग्रजी शब्द मराठी घरांत आता परका राहिलेला नाही. ‘वर्गातली मुलं मला टीझ करतात’ ही तक्रार कोणत्या आईने ऐकलेली नसते? डोके खाणारे कोडे म्हणजे ‘ब्रेन टीझर’ आणि येऊ घातलेल्या चित्रपटाची झलक दाखवून उत्सुकता ताणणारा तो नुसता ‘टीझर’. चिडवणे, खिजवणे, झुलवणे असे या शब्दाचे अर्थ. त्याचा जन्म मात्र झाला लोकरीच्या ढिगात!

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे मूळ रूप लोकर ओढून, विंचरून तिचे तंतू सुटे करणे या अर्थाने वापरत. आपल्याकडे पिंजारी कापूस पिंजतो, तसेच हे काम. याच कुळातला दुसरा शब्द ‘टीझल’. ही एक काटेरी वनस्पती. तिच्या वाळलेल्या बोंडांवर आकड्यांसारखे बारीक काटे असतात. विणलेल्या लोकरी कापडावरून ही बोंडे फिरवली की त्यावर मऊ लव उभी राहते. इंग्लंडमधल्या लोकरीच्या गिरण्यांत ती चौकटीत बसवून वापरली जात.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लोकरीच्या जागी माणूस आला. बारीकसारीक गोष्टींवरून एखाद्याला सतत टोचत राहणे म्हणजे ‘टीझ’ करणे, असा अर्थ रूढ झाला. मराठीतले ‘छेडणे’ही असेच दुहेरी. सतारीची तार छेडतात आणि माणसाचीही छेड काढतात.

पुढे ‘टीझ’ला थट्टामस्करीचा गोडवा चिकटला आणि तिथेच घात झाला. रस्त्यात, बसमध्ये होणाऱ्या स्त्रियांच्या छळाला भारतीय इंग्रजीने ‘ईव्ह टीझिंग’ असे नाव दिले. ईव्ह म्हणजे बायबलमधली आद्य स्त्री. नाव ऐकून वाटावे, हा गुन्हा नव्हे, गंमतच! तामिळनाडूने १९९८ साली याविरुद्ध कायदा केला, तोही याच नावाने. २००२ साली त्या नावातून ‘ईव्ह टीझिंग’ गेले आणि ‘स्त्रियांचा छळ’ हे शब्द आले. २०१३ साली भारतीय दंड संहितेत नवे कलम आले, त्यानेही या वागण्याला थेट ‘लैंगिक छळ’च म्हटले.

‘आम्ही तर नुसती थट्टा केली’ असे सांगणाऱ्यांना या शब्दाचे मूळ जरूर ऐकवावे. पिंजणाऱ्याला ते काम वाटते. ओढाताण होते ती लोकरीची.