चाक सहा महिन्यांत गेलं, तर दुकानदाराला काय विचाराल?

बियाणं उगवलं नाही तर काय करायचं, हे आता गावात कुणाला शिकवावं लागत नाही. पिशवी, टॅग आणि पक्कं बिल घेऊन तालुक्याला तक्रार जाते, समिती शेतावर येऊन पाहणी करते, पंचनामा होतो. तोच शेतकरी पाच-सहा हजारांची सायकल मात्र कच्च्या चिठ्ठीवर घेतो. दिवाळीपर्यंत मागचं चाक डुलायला लागलं, तारा तुटल्या, रिंग घासून पातळ झाली, की दुकानदाराचं एक वाक्य ऐकून गुपचूप परत येतो : "चाकाला गॅरंटी नसते भाऊ, तुमचा वापर जास्त आहे."

हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. आपला वापर जास्त असतोच. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन, नाही तर गवताचा भारा, वर एखादं पोर. सगळं ओझं मागच्या चाकावर. जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलीला पुढच्या चाकात ३२ तारा आणि मागच्या चाकात ४० तारा असतात, त्या याच कारणाने. शिवाय पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडच्या पावसात ब्रेकच्या रबरात मुरमाची कच अडकते आणि दर ब्रेकला ती रिंगेवर कानशीसारखी चालते. त्याचा दोष दुकानदाराला देता येणार नाही. रबर काढून धुणं आणि झिजलं की बदलणं हे आपलं काम आहे.

उरलेलं अर्धं मात्र दुकानदाराचं आहे, आणि ते तो सांगत नाही. साधी सायकल बहुतेक वेळा जोडून तयार येत नाही. लुधियानासारख्या ठिकाणाहून भाग येतात आणि जुळणी दुकानात होते. तारा ताणणं, चाकाचा आउट काढणं, हबमध्ये ग्रीस भरून कोन बसवणं, हे सारं दुकानातल्या कारागिराच्या हातचं. नवीन चाकाच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत आपल्या जागी बसतात व थोड्या सैल पडतात. तेव्हा एकदा त्या पुन्हा ताणून घ्याव्याच लागतात. नाही ताणल्या तर दर फेऱ्याला तार थोडी वाकते आणि सरळ होते, आणि शेवटी हबजवळच्या बाकावर तुटते. एक तुटली की शेजारच्या तारांवर भार येतो आणि महिन्याभरात चाक जातं. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, तेव्हापासून आपल्या शहराचं नाव सायकलवाल्यांत घेतलं जातं. शहरात महागडी सायकल घेणाऱ्याला पहिली सर्व्हिसिंग फुकट आहे, अमुक तारखेला या, असं आवर्जून सांगतात. दूधवाल्याला कोण सांगतं?

तेव्हा दुकानात जाण्याआधी चाक स्वतः नीट पाहा. तारा हबजवळ, वाकलेल्या जागी तुटल्या असतील तर बहुधा ताण कमी पडला आहे. रिंगेला एकाच जागी खोक किंवा चेप असेल तर दगड नाही तर खड्डा लागला आहे, तिथे वाद घालू नका. निप्पलच्या भोकाभोवती बारीक चिरा असतील, रिंगेचा सांधा उकलला असेल, तर ते इतक्या लवकर सहसा नुसत्या वापराने होत नाही. टायर मधोमध झिजला तर तो चालला म्हणून झिजला, पण एका बाजूने फ्रेमला घासून गेला असेल तर चाक मध्यावर बसवलेलंच नव्हतं. टायरची बाजू रिंगेलगत कापली गेली असेल तर हवा कमी ठेवून ओझं नेलं, हे दुकानदार बरोबर ओळखेल.

गेल्या वर्षी पुतणीच्या सायकलीवरून मला हे सगळं करावं लागलं. जूनमध्ये घेतलेली सायकल, दसऱ्याला मागच्या चाकाच्या चार तारा तुटलेल्या, चारही हबजवळ, आणि रिंगेला तीन भोकांपाशी चिरा. दुकानदार म्हणाला, कॅरिअरवर मैत्रीण बसवत असेल. मी म्हटलं, ठीक आहे, बिलाच्या मागे एवढंच लिहून द्या की चिरा मैत्रीण बसवल्याने पडल्या, आणि खाली सही करा. तो लिहीना. अर्ध्या तासाने कारागिराला हाक मारून त्याने नवी रिंग आणि नव्या तारा घालून दिल्या. मजुरी मात्र आमच्याकडून घेतली. ती देताना जिवावर आलं होतं, पण पोरीची शाळा बुडत होती.

आता कायद्याचं. २० जुलै २०२० पासून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू आहे. बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. त्यामुळे भिंतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असली म्हणून सदोष माल गळ्यात मारता येत नाही. दुसऱ्याने केलेले भाग जोडणाऱ्यालाही या कायद्याने उत्पादकाच्या व्याख्येत घेतलं आहे. 'कंपनीला विचारा' म्हणून हात झटकणाऱ्याला हे ऐकवा. दूध घालणाऱ्याला कुणी म्हणेल की तुमचा वापर धंद्याचा, तुम्ही ग्राहक कसले. तर स्वयंरोजगारातून केवळ पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर तो ग्राहकच असतो. शेतकरीही ग्राहक आहे, हे तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्टच सांगितलं.

आधी १९१५ या हेल्पलाइनला फोन करा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. दोष ठरवायला तपासणी लागली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून तुटक्या तारा आणि जुनी रिंग भंगारात घालू नका.

'बिल पाहिजे तर टॅक्स वेगळा पडेल' असं म्हणणारे दुकानदार अजून आहेत. छापील कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलावर सायकलचा फ्रेम नंबर लिहून घ्या, नाही तर 'ही आमच्याकडची नव्हेच' हे ऐकायची तयारी ठेवा.

मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी दोन शब्द वेगळे. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मिळणारं अनुदान २०२२ मध्ये ३,५०० वरून ५,००० रुपये झालं. त्यासाठी खरेदीची पावती लागते, म्हणजे पक्कं बिल प्रत्येक मुलीच्या घरी असायलाच हवं. ते फाइलला लावून विषय संपवू नका. एक प्रत पालकांकडे राहू द्या. एकाच दुकानातून वीस-पंचवीस सायकली जात असतील तर तुमच्या शब्दाला वजन आहे. खरेदीच्या वेळीच दुकानदाराकडून लिहून घ्या, की महिन्याभराने त्याचा कारागीर शाळेच्या पटांगणात येऊन सगळ्या चाकांच्या तारा ताणून देईल. एका दिवसाचं काम आहे, आणि जूनमध्ये खरेदी झाली असेल तर ते ऐन पावसाच्या आधी किंवा पहिल्या उघडिपीत उरकून घ्यावं.