हाडाची सांधणी आणि वेदनाशामक गोळ्या

गेल्या आषाढांत देऊळघाट येथें पैनगंगेच्या कांठीं पाय घसरून आमच्या मनगटाचें हाड मोडलें. प्लास्टर झालें, परंतु डॉक्टरांस न विचारतां डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आम्हीं महिनाभर घेतल्या. सांधणी मंद दिसतांच डॉक्टर म्हणाले, "मास्तर, पहिली सूज ही सांधणीची सुरुवातच!" प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्य तेथें हाड घडविणाऱ्या पेशींस चालना देतें, ह्या गोळ्या तेंच रोखतात. ॲस्पिरिनचें हें कार्य जॉन वेन यांनीं १९७१ सालीं दाखविलें. प्राण्यांवरील प्रयोगांत सांधणी लांबली. मनुष्यांविषयीं एकमत नाहीं, थोडे दिवस घेतल्यास भय कमी. आमचा विलंब गोळ्यांमुळें कीं वयामुळें, तें सांगतां येत नाहीं. तथापि वाचकहो, वेदना मुकाट्यानें सोसूं नये. गोळी कोणती व किती दिवस, हें मात्र डॉक्टरांस विचारावें.